पुण्यात ओळख नाही, मग नोकरी कशी बदलू? भोसरीतल्या एका तरुणाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळचा बार्शीचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा. 4 वर्षांपासून भोसरीत एका मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. पगार फारसा वाढत नाही, शिकण्यासारखंही इथे काही उरलं नाही. पुण्यात माझ्या ओळखीचं कुणी नाही. जो तो म्हणतो नेटवर्क वाढव. लिंक्डइनवर 1800 लोक जोडले, दीडशे जणांना मेसेज केले. दोघांनी उत्तर दिलं, तेही 'सीव्ही पाठवा' एवढंच. मला हा सगळा प्रकार चमचेगिरीचा वाटतो आणि तो जमतही नाही. काय करू? आणि नोकरी शोधतोय हे सध्याच्या साहेबांना सांगावं का?"

तुला 'तू' म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी 1993 साली डिप्लोमा करून सांगलीहून पिंपरी-चिंचवडला आले. तेव्हा माझ्याही ओळखीचं इथे कुणी नव्हतं. निगडीत एका आत्याच्या नणंदेकडे पहिले तीन महिने काढले. पहिली नोकरी इनकमिंग इन्स्पेक्शनला मिळाली, पुढची बहुतेक वर्षं सप्लायर क्वालिटीत गेली. म्हणजे व्हेंडरच्या दारात जाऊन त्याचा पार्ट का बिघडतो ते शोधायचं आणि तो पुन्हा बिघडणार नाही अशी व्यवस्था लावून यायची. एकूण पाच नोकऱ्या झाल्या. पहिली पेपरातल्या जाहिरातीतून, बाकी चारही कुणीतरी फोन केल्यामुळे. आणि आता मीही वर्षाला पाच-सहा मुलामुलींसाठी फोन करते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगू शकते.

आधी चमचेगिरीचं बोलू, कारण तुझा पाय तिथेच अडलाय.

आपल्याकडे 'शब्द टाकणं' म्हणतात ना, त्याचा नीट विचार कर. मी एखाद्या प्लँट हेडला फोन करून "हा मुलगा चांगला आहे, बघा" म्हणते, तेव्हा मी माझी पत तुझ्या नावावर गहाण ठेवते. तू तिथे जाऊन रीडिंग न घेताच रिपोर्ट भरलेस, तर पुढच्या वेळी माझा फोन तो माणूस उचलेल, पण ऐकणार नाही. म्हणून मी शब्द टाकते तो फक्त अशाच माणसासाठी, ज्याचं काम मी स्वतः पाहिलंय किंवा माझ्या विश्वासातल्या कुणीतरी पाहिलंय. पुढेपुढे करणारा, दिवाळीला मिठाई आणणारा, प्रत्येक पोस्टला अंगठा देणारा माणूस मला आवडेलही, पण त्याच्या कामाबद्दल मला काय ठाऊक असतं? काहीच नाही. मग मी फोनवर सांगणार काय? तुझ्या दीडशे मेसेजचं नेमकं हेच झालं. तू त्यांच्याकडे त्यांची पत मागत होतास आणि तुझ्याबद्दल बोलायला त्यांच्यापाशी एक वाक्यही नव्हतं. त्यांनी 'सीव्ही पाठवा' म्हटलं, यात त्यांचं काही चुकलं नाही.

वशिला वेगळा. वशिल्यात काम बघितलंच जात नाही, नातं किंवा देणंघेणं बघितलं जातं. मी ज्याबद्दल बोलतेय त्यात आधी काम दिसतं, मग माणूस लक्षात राहतो, आणि कधीतरी दोन-चार वर्षांनी त्याचं नाव कुणाच्या तरी तोंडून निघतं.

हे कसं होतं ते माझ्याच एका अनुभवातून सांगते. 2006 च्या आसपासची गोष्ट. आमच्या असेंब्ली लाइनवर 12.9 ग्रेडचे, म्हणजे फार कडक पोलादाचे, झिंक प्लेटिंग केलेले बोल्ट लागत. एका आठवड्यात विचित्र प्रकार सुरू झाला. संध्याकाळी बरोबर टॉर्कला आवळलेले बोल्ट सकाळी येऊन बघावं तर डोकी तुटून फिक्श्चरखाली पडलेली. सगळे नाहीत, शंभरात दोन-तीन. टॉर्क रेंच तपासले, हार्डनेस तपासला, मटेरियल लॅबला पाठवलं. सगळे रिपोर्ट ओके. लाइन मात्र थांबलेली, आणि व्हेंडर आणि आमचं प्रॉडक्शन एकमेकांवर ढकलतायत.

तेव्हा मला एका गृहस्थांची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी एका हीट ट्रीटमेंटच्या सेमिनारमध्ये जेवणाच्या रांगेत ते माझ्यामागे उभे होते. मी त्यांना इंडक्शन हार्डनिंगच्या केस डेप्थबद्दल, म्हणजे वरचा कडक थर किती खोल जातो याबद्दल, एक शंका विचारली होती आणि त्यांनी पेपर नॅपकिनवर आकृती काढून समजावलं होतं. आठवड्याभरानं तसं करून पाहिल्याचं आणि रीडिंग काय आली ते मी त्यांना ईमेलनं कळवलं. एवढाच आमचा परिचय. मी फोन करायच्या आधी सगळं एका कागदावर लिहून काढलं: ग्रेड, हार्डनेस, प्लेटिंगची जाडी, लॉट नंबर, कुठल्या शिफ्टचे बोल्ट तुटतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "ताई, प्लेटिंग झाल्यावर किती वेळात बेकिंगला जातात?"

मी प्लेटिंगवाल्याकडे जाऊन रजिस्टर उघडलं. रात्रपाळीला ओव्हनवर माणूसच नव्हता. रात्री अकराला टाकीतून निघालेला माल सकाळी आठला ओव्हनमध्ये जात होता. पिकलिंगच्या, म्हणजे गंज काढायच्या, ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. इतक्या कडक बोल्टमधून तो काढायचा तर प्लेटिंगनंतर 4 तासांच्या आत साधारण 200 अंश सेल्सिअसवर बेकिंग सुरू व्हावं लागतं. उशीर झाला की पोलाद आतून ठिसूळ होतं, आणि ताण आला की काही तासांनी, आवाज न करता, तुटतं. तुटलेले सगळे बोल्ट रात्रपाळीचे निघाले. ओव्हनवर रात्री माणूस बसला आणि तक्रार थांबली.

मी त्या गृहस्थांना पुन्हा ईमेल केला. काय सापडलं, काय बदललं, पुढच्या तीन लॉटचा निकाल काय आला. प्लेटिंगवाल्या काकांनाही सांगितलं की तुमचा धंदा या माणसामुळे वाचला, त्यांना एक फोन करा. त्यांनी केला.

त्यानंतर सव्वा वर्षानं त्याच गृहस्थांचा मला फोन आला. ते ज्या कंपनीत सल्लागार म्हणून जात होते तिथला सप्लायर क्वालिटीचा माणूस सोडून गेला होता. "मी तुमचं नाव सांगितलंय, ते फोन करतील." त्या दिवसापर्यंत आम्ही समोरासमोर भेटलो होतो फक्त एकदा, त्या जेवणाच्या रांगेत. पुढे तिथल्या साहेबांनी मला सांगितलं की त्यांनी माझ्याबद्दल काय म्हटलं होतं: "या बाई फोन करतात तेव्हा सगळा डेटा हातात घेऊन करतात." माझी डिग्री, मार्क, स्वभाव, कशाचाही उल्लेख नव्हता. एका फोनवर त्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगितलं, आणि तेवढं पुरलं.

ही माझ्या एकटीची नशिबाची गोष्ट नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 साली याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला, तो आजही वाचला जातो. बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावातल्या नोकरदारांना त्यानं विचारलं होतं की सध्याची नोकरी कशी मिळाली. ज्यांना ओळखीतून मिळाली, त्यांना पुढचा प्रश्न: ज्यानं बातमी दिली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे जेमतेम 17 टक्के निघाले. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे 28 टक्के. उरलेले मधले, अधूनमधून भेटणारे. म्हणजे जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखी कामी आल्या. कारण सरळ आहे. तुझ्या रूमवरच्या मित्रांना जे माहीत आहे ते बहुतेक तुलाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या आळीतून.

2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला. त्यातही निष्कर्ष साधारण तसाच निघाला. पण त्यात तुझ्या-माझ्यासाठी एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. सॉफ्टवेअरसारख्या डिजिटल धंद्यांत विरळ ओळखींचा उपयोग जास्त झाला, आणि जिथे काम डिजिटल कमी आहे तिथे घट्ट ओळखींचा. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. हिंजवडीतल्या मुलाचं काम स्क्रीनवर दिसतं. शॉप फ्लोअरवरचं काम फक्त तिथे उभ्या असलेल्यालाच दिसतं. म्हणून आपल्या धंद्यात जागा कुठे निघाली ही बातमी लांबचा माणूस देतो, पण शब्द टाकायला ज्यानं काम पाहिलं तोच लागतो. तुला दोन्ही प्रकारची माणसं हवीत. आणि दोन्ही तुझ्याकडे आहेत, तू त्यांना मोजत नाहीस एवढंच.

"पुण्यात माझ्या ओळखीचं कुणी नाही" असं तू लिहिलंस. जरा गेल्या महिन्यात तुमच्या कारखान्याच्या गेटवर कोणाकोणाची एंट्री झाली ते आठव. गेज कॅलिब्रेशनला नेणारा लॅबचा माणूस. सीएमएमचा, म्हणजे पार्टची अचूक मापं घेणाऱ्या मशीनचा, सर्व्हिस इंजिनिअर. कस्टमरकडून ऑडिटला येणारा सप्लायर क्वालिटीचा साहेब, ज्याच्यासमोर तूच रिपोर्ट घेऊन उभा असतोस. हीट ट्रीटमेंटवाल्याचा सुपरवायझर, ज्याच्याशी तू दर आठवड्याला हार्डनेसवरून वाद घालतोस. आणि इन्सर्टवाला! कटिंग टूल विकायला येणारा तो सेल्स इंजिनिअर दिवसाला चार-पाच कारखाने फिरतो. चाकणला कुठे नवी लाइन पडतेय, कुठे मशीन आली पण माणसं नाहीत, कुठल्या कंपनीत दोन महिने पगार उशिरा होतोय, हे त्याला एचआरच्या आधी कळतं. मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला सांगत आले की इन्सर्टवाल्याला गेटवर ताटकळत ठेवू नका, चहा विचारा, ट्रायल घ्यायची असेल तर वेळेवर घ्या आणि निकाल चांगला-वाईट जो असेल तो स्पष्ट सांगा. त्या माणसाला दिवसभर लोक टोलवत असतात. वेळेवर खरं सांगणारा मुलगा त्याच्या लक्षात राहतोच राहतो.

मग आणखी दोन गट. एक, तुमच्या कंपनीतून गेल्या 4 वर्षांत सोडून गेलेले लोक. ते आज दहा वेगवेगळ्या कारखान्यांत असतील. त्यांनी तुझं काम पाहिलंय, आणि तिथल्या जागाही त्यांना माहीत असतात. हा सगळ्यात मोलाचा गट आणि मुलं नेमका हाच विसरतात. दुसरा, बार्शीच्या पॉलिटेक्निकमधली तुझी बॅच. त्यांतले निम्मे पुणे, रांजणगाव, संभाजीनगरच्या वाळूजला असतील. कुणी मुंबईला, कुणी होसूर-चेन्नईकडेही गेला असेल. व्हॉट्सॲपचा ग्रुप असेलच, पण त्यावर सुप्रभातच जास्त येत असणार. ग्रुपवर काही टाकू नकोस. एकेकाला फोन कर.

आता बोलायचं काय? नोकरी मागायची नाही. नोकरी मागितली की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणणं अवघड वाटलं की तो फोनच टाळतो. माहिती माग. माहिती द्यायला कुणाला काही लागत नाही, उलट बहुतेकांना आवडतं. समज, मार्चमध्ये ऑडिटला आलेल्या त्या साहेबांनी तुला गेज आर अँड आरबद्दल, म्हणजे मोजण्यातच किती फरक पडतो ते तपासण्याबद्दल, काही सांगितलं होतं. तू तसं करून पाहिलं असशील तर त्यांना असा मेसेज टाक:

"सर, नमस्कार. मी भोसरीहून, मार्चच्या ऑडिटला शाफ्टच्या लाइनवर आपल्याबरोबर होतो. आपण म्हणाला होतात की एकाच माणसानं तीनदा मोजण्याऐवजी तीन माणसांकडून मोजून घ्या. तसं केलं. स्नॅप गेजमध्ये फरक 30 टक्क्यांच्या वर निघाला, म्हणून आता एअर गेज मागवला आहे. आपलं सांगणं उपयोगी पडलं हे कळवायचं होतं. धन्यवाद."

बस. यात काहीही मागितलेलं नाही. पण या चार ओळींत तू ऐकतोस, करून बघतोस, आकडा सांगतोस आणि परत येऊन कळवतोस, हे सगळं त्यांना कळतं. ऑडिटमध्ये आम्ही शेकडो सूचना देतो. सहा महिन्यांनी कळवणारा वर्षाला एखादाच भेटतो. मला असा मेसेज केलेल्या मुलाचं नाव मी आजही सांगू शकते.

पुढचा टप्पा दोन-तीन महिन्यांनी. "सर, मला मशिनिंगमधून पुढे सप्लायर क्वालिटीकडे यायचंय. तुमच्याकडे घेताना काय बघतात? माझ्यात काय कमी पडेल?" हा प्रश्न विचारला की ते तुला खरं सांगतील. कदाचित म्हणतील पीपीएपी (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची प्रक्रिया) स्वतः पूर्ण केलेला हवा, कदाचित म्हणतील कास्टिंग-फोर्जिंगची माहिती हवी. ते शिकून घे आणि पुन्हा कळव. जागा निघाली की तुझं नाव त्यांना आपोआप आठवतं, कारण तयारी त्यांच्याच सांगण्यावरून झालेली असते.

एक मर्यादा मात्र पाळ. ज्याच्या मालावर तू पास-रिजेक्टचा शिक्का मारतोस, त्या व्हेंडरकडे स्वतःसाठी नोकरी किंवा शिफारस मागू नकोस. तो नाही म्हणू शकत नाही, आणि पुढच्या लॉटला तुझा हात थरथरतो. मी हे उघड्या डोळ्यांनी होताना पाहिलंय, एका चांगल्या इन्स्पेक्टरचं नाव त्यात कायमचं गेलं. कस्टमरकडे जायचं असेल तर तेही आधी विचारून घे. काही करारांत एकमेकांची माणसं न घेण्याची अट असते. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा कुणीही असो, गाववाला असला तरी, तिथेच नमस्कार करून निघ.

ओळख टिकवायची कशी हे मला जास्त विचारलं जातं, त्याला माझ्यापाशी एक वहीच आहे, साधी शंभरपानी. 1998 पासूनची सातवी वही आता चालू आहे. प्रत्येक माणसाला अर्धं पान: कुठे भेटलो, काय काम करतो, कशावर बोलणं झालं, मी त्याला काय देणं लागते. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "स्टँडर्डची प्रत पाठवते म्हटलं होतं." "भाच्याचा सीव्ही बघते म्हटलं होतं." असं म्हटलेलं दोन दिवसांत करायचं. माणसं विसरून जातात ती न भेटल्यामुळे कमी, आणि 'पाठवतो' म्हणून न पाठवल्यामुळे जास्त. फोनमध्ये ठेवलंस तरी चालेल, पण लिहून ठेव. डोक्यात राहत नाही.

दीडशे-दोनशे माणसांशी सारखंच नातं राखायचा प्रयत्न करू नकोस. वर्षाकाठी पंधरा-वीस माणसं नीट सांभाळली तरी खूप झालं. दिवाळीचा फॉरवर्ड केलेला दिवा कुणी उघडूनही बघत नाही. मी खंडेनवमी-दसऱ्याला फोन करते. त्या दिवशी सगळ्या कारखान्यांत मशीनची पूजा असते, झेंडूची माळ स्पिंडलला लावलेली, प्रॉडक्शन बंद, माणूस निवांत. दोन मिनिटं बोलणं होतं, "काय नवीन मशीन घेतली?" इथपासून सुरुवात होते आणि वर्षभराची बातमी कळते. भोसरी-पिंपरीत गुरुवारची सुट्टी असते हेही लक्षात ठेव. हिंजवडीवाले शनिवार-रविवारी भेटतात, आपले लोक गुरुवारी मोकळे असतात. गुरुवारी सकाळी दहाला केलेला फोन आणि मंगळवारी दुपारी लाइनवर केलेला फोन, यात फार फरक आहे.

सेमिनार-प्रदर्शनांचं थोडक्यात सांगते. मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाराची संस्था 1934 पासून पुण्यात आहे, त्यांचे कार्यक्रम होत असतात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये प्रदर्शनं भरतात, कोथरूडला एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या आणि संशोधन करणारी संस्था आहे. जरूर जा. पण पिशवीभर कॅटलॉग आणि खिसाभर कार्डं घेऊन परत येऊ नकोस. घरून एक खरी, तुझ्या लाइनवरची अडचण घेऊन जा. तीन स्टॉलवर तीच विचार. तिघांची उत्तरं वेगळी येतील, आणि जो सगळ्यात नीट उत्तर देईल त्याचा नंबर घे.

तुझ्यासाठी याहूनही चांगली जागा म्हणजे क्वालिटी सर्कलच्या, म्हणजे आपल्या कामातली अडचण मिळून सोडवणाऱ्या कामगारांच्या गटांच्या, स्पर्धा. क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था 1982 पासून आहे, पुण्यात त्यांची शाखा आहे, अधिवेशनांत कारखान्यांच्या टीम आपलं काम मांडतात. तुमच्या कंपनीकडून चार ऑपरेटर घेऊन एक केस तयार कर. मराठीत मांड, मराठीतही मांडता येतं. समोर बसलेले परीक्षक वेगवेगळ्या कंपन्यांतले अनुभवी लोक असतात आणि ते दहा मिनिटं फक्त तुझं काम बघत असतात. 1800 कनेक्शनपैकी किती जणांनी तुझं काम दहा मिनिटं पाहिलंय?

लिंक्डइन बंद करू नकोस, पण त्याचं काम ओळख. तिथे माणूस तुझं नाव ऐकल्यावर तुला शोधायला येतो. म्हणून त्याला तिथे काय दिसेल ते नीट कर. 'क्वालिटी इंजिनिअर, मेहनती, टीम प्लेअर' यातून काहीच कळत नाही. "ट्रान्समिशन शाफ्टचं सीएनसी टर्निंग आणि ग्राइंडिंग, 15 मायक्रॉन टॉलरन्स, सीएमएम प्रोग्रॅमिंग स्वतः, कस्टमर रिजेक्शन कमी करण्यासाठी तीन एट-डी पूर्ण" असं लिहिलं तर माझ्यासारखी बाई थांबून वाचते. (एट-डी म्हणजे तक्रारीचं मूळ कारण शोधून ती पुन्हा येऊ नये म्हणून करायचं आठ पायऱ्यांचं काम.) आकडे खरे लिही. कस्टमरचं ड्रॉइंग, पार्टचा फोटो, लाइनचा व्हिडिओ चुकूनही टाकू नकोस, त्यापायी नोकऱ्या गेल्यात.

इंग्रजीचं तू लिहिलं नाहीस, पण बार्शीचा मुलगा म्हणजे मनात असणारच. माझ्याही होतं. फोनवर, लाइनवर मराठी-हिंदी चालतं. लेखी एट-डी रिपोर्ट आणि ईमेल मात्र इंग्रजीत लागतात. चांगल्या रिपोर्टच्या दहा प्रती मिळव आणि रोज एक हातानं उतरवून काढ. सहा महिन्यांत वाक्यं बसतात. माझी अशीच बसली.

संध्याकाळच्या 'बसण्या'बद्दल. बरीच मुलं समजतात की खऱ्या ओळखी धाब्यावर होतात. होत असतीलही. मला कधीच जाता आलं नाही, साडेपाचची कंपनीची बस पकडायची असायची आणि घरी मूल होतं. पहिली काही वर्षं मला वाटायचं की आपण यातून बाहेर पडलो. मग आम्ही सात-आठ जणी, वेगवेगळ्या कारखान्यांत क्वालिटी, डिझाइन, स्टोअर्समध्ये असलेल्या, गुरुवारी दुपारी प्राधिकरणात एकीच्या घरी जमायला लागलो. पोहे, चहा आणि तासभर फक्त कामाचं बोलायचं असा नियम होता. तिथे मला पहिल्यांदा कळलं की माझ्याच पदावर दुसऱ्या कंपनीत किती पगार देतात. स्वतःचा पगार एकमेकींना खरा सांगणं हे आम्ही तिथे शिकलो, आणि पुढच्या बोलणीला मी त्या आकड्यावर अडून बसले. त्यातल्या पाच जणी आजही भेटतो. तू असा गट जमव. चार-पाच जण, वेगवेगळ्या कंपन्यांतले, साधारण तुझ्याच पायरीवरचे. वरच्या माणसांच्या मागे धावण्यात मुलं वर्षं घालवतात, आणि बरोबरीचेच दहा वर्षांनी मॅनेजर झालेले असतात.

आता तुझा शेवटचा प्रश्न. ऑफर लेटर हातात येईपर्यंत साहेबांना सांगू नकोस. लहान कारखान्यात ही बातमी कळली की तुझ्याकडे नवी कामं येणं थांबतं, आणि पगारवाढीच्या यादीतून नाव गळतं. ज्यांच्याशी बोलशील त्यांनाही स्पष्ट सांग की आमच्याकडे अजून सांगितलेलं नाही. लोक पाळतात. पण साहेबांनीच कुठूनतरी ऐकून सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस. "पुढचं काय ते बघतोय, ठरलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन" एवढं म्हण.

आणि सोडशील तेव्हा नोटीसचा पूर्ण काळ भर. शेवटचे पंधरा दिवस बहुतेक जण मोबाइल बघत काढतात. मी पहिली नोकरी सोडली तेव्हा शेवटच्या आठवड्यात एक चाळीस पानी वही लिहिली: कुठल्या पार्टला कुठलं परिमाण हलतं, कुठला गेज पावसाळ्यात चुकतो, कुठल्या व्हेंडरला फोन कधी करायचा. माझ्या जागी आलेल्या मुलाला मी फक्त दोन दिवस भेटले. 2011 मध्ये एका कंपनीत ऑडिटला गेले तर क्वालिटी हेड म्हणून तोच समोर आला, आणि ती वही त्यानं अजून कपाटात ठेवली होती. तुझी वही या गुरुवारी सुरू कर. पहिल्या पानावर त्या ऑडिटच्या साहेबांचं नाव लिही.